बंड्यास पत्र: घरी करायचे जादूचे पत्ते

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं आणि सोबतची यादीही. दुतोंडी पत्ते, दोन्हीकडे पाठ असलेले पत्ते, आखूड पत्ता, झडपेचा पत्ता, स्वेंगाली कॅट, निमुळता कॅट, आणि शेवटी बारीक अक्षरात “जमलाच तर अदृश्य कॅट”. अरे, कार्यक्रम तुझा वीस मिनिटांचा! एवढं सामान सांभाळायचं म्हटलं तर तुझं सगळं लक्ष खिशांत राहील. समोर बसलेल्या माणसांकडे तू बघणार कधी? तेव्हा राग मानू नकोस, यादीला मी कात्री लावतोय.

स्वेंगाली आणि निमुळता हे दोन्ही कॅट घरी करण्याच्या भानगडीत पडू नकोस. स्वेंगालीत अर्धा कॅट एकाच पत्त्याचा असतो. समजा बदामाची सत्ती, तर अशा २६ सत्त्या, सगळ्या जराशा आखूड, आणि प्रत्येकीच्या जोडीला एकेक वेगळा पूर्ण लांबीचा पत्ता. कॅट कडेनं फर्रकन सोडला की बोटाला लांब पत्तेच लागतात, म्हणून सगळे पत्ते वेगळे दिसतात. पण प्रेक्षकानं कॅट काटला की उचललेल्या गड्डीच्या तळाशी लांब पत्ता जातो आणि खालच्या गड्डीवर सत्तीच उरते. कल्पना झकास आहे. पण एकाच पत्त्याच्या २६ प्रती आणायच्या म्हणजे २६ कॅटांचं मातेरं, आणि वर त्या सगळ्या केसभरही फरक न ठेवता सारख्या कापायच्या. निमुळत्या कॅटात तर सगळे ५२ पत्ते लांब बाजूंनी किंचित तिरपे कापावे लागतात, म्हणजे एखादा पत्ता उलट फिरवून आत घातला की त्याची रुंद बाजू बोटाला लागते. छापखान्याच्या मशीनवर अख्खी गड्डी एका दाबात कापली जाते. तू कटर घेऊन एकेक पत्ता कापत बसलास तर कॅटाच्या कडेला दातरे पडतील. हे दोन्ही सरळ विकत घे, घरी करण्यात काही पुरुषार्थ नाही.

राहिलेल्यांपैकी प्रत्येक पत्त्यासाठी आधी एवढं कागदावर लिही: हा खेळात कुठून येतो आणि कुठे जातो? याचं उत्तर नसेल तर पत्ता करूच नकोस. उदाहरणार्थ, दोन्हीकडे पाठ असलेला पत्ता. तो कॅटच्या वर ठेवून बाकीचा कॅट सुलटा धरलास तरी बघणाऱ्याला वाटतं, कॅट पालथा आहे. प्रेक्षकानं निवडलेला पत्ता पालथाच आत सरकवलास, पुढे बोलता बोलता हात फिरवून कॅट उलटा केलास, की साऱ्या पालथ्या पत्त्यांत त्याचा एकटा पत्ता तोंड वर करून बसलेला सापडतो. लोक खूश. पण आता तुझा बनावट पत्ता कॅटच्या तळाशी आहे आणि पहिल्या रांगेतला कोणी तरी म्हणणारच, “बघू हो पत्ते!” तो पत्ता तोवर खिशात किंवा मांडीवर गेलेला असला पाहिजे. माझ्या मते घरगुती पत्त्यांचे खेळ फसतात ते इथेच. पत्ता कितीही सुरेख असो, त्याची परतीची वाट आधी आखलेली नसली की संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती कधी उघडायला लागेल हे तुला प्रेक्षकाच्या आधी माहीत हवं.

आता प्रत्यक्ष कामाला लाग. कागदाचे पत्ते घे, पूर्ण प्लास्टिकचे नकोत. ते धुता येतात हे खरं, पण सोलता येत नाहीत, आणि दोन्हीकडे पाठ असलेला पत्ता तर दोन पत्त्यांच्या पाठी सोलून एकमेकींना चिकटवूनच होतो. कागदी पत्ता हे दोन कागदांचं सँडविच असतं आणि मधे गडद रंगाचा गोंद असतो, तो उजेड आरपार जाऊ देत नाही. हे ध्यानात ठेव, पुढे कामाला येईल. पोकर आकाराचा पत्ता साधारण ६३ बाय ८८ मिलिमीटर, ब्रिज आकाराचा ५७ बाय ८८. तुझे हात मोठे आहेत, पोकर घे. पाठीला पांढरी किनार असलेलाच कॅट घे. कॅटात एखादा पत्ता उलटा असला तरी कडेनं पांढराच दिसतो. किनार नसलेल्या रंगीत पाठीचा उलटा पत्ता लगेच चुगली करतो. किनारीचा तोटा म्हणजे कापण्यात जरा तिरकेपणा आला तर तो लगेच दिसतो, पण तेवढी शिस्त हाताला लागलेली बरी.

आणि एकाच छपाईचे दोन-तीन कॅट एकदम आण. त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा कॅट सहा महिन्यांनी आणलास तर निळ्याची छटा बदललेली असू शकते. सुटा पत्ता हातात धरून कळणार नाही, ५१ भावंडांत ठेवलास की कळेल. जोकर आणि जाहिरातीचे जादा पत्ते टाकू नकोस, पाठी काढायला तेच उपयोगी.

पत्ता सोलण्याचं काम सगळ्यांत नाजूक. एक कोपरा बोटांत धरून पुढे-मागे हळूहळू मोडत राहा, थोड्या वेळानं तिथे दोन पदर सुटे होतात. त्यांच्यात नख घाल. चिंगीची नखं बारीक आहेत, हे काम तिला दे, तिला आवडेल. (कटर मात्र तुझ्याकडेच.) पदर सुटला की कुठली बाजू ठेवायची ते ठरव. ठेवायची बाजू टेबलावर सपाट दाबून धर आणि नको असलेला पदर पेन्सिलीवर गुंडाळत हळू ओढ. ओढलेला कागद वाकतो, चुरगळतो, फाटतोही. टेबलावरचा सपाट राहतो. बरेच जण हे नेमकं उलटं करतात आणि मग सुरकुतलेली पाठ इस्त्रीनं सरळ करत बसतात. ती होत नाही.

सोललेल्या पदराच्या आत गोंदाचे उंचवटे राहतात. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकेच घास, पण काळा थर पार काढून टाकू नकोस. दोन्ही बाजूंचा काळा थर गेला तर तयार पत्ता दिव्यासमोर धरल्यावर आतलं सगळं दिसतं. स्टेजवर मागून दिवा असला तर मग विचारूच नकोस. थर गेलाच असेल तर आतल्या बाजूला काळ्या शाईचा पातळ हात दे आणि पूर्ण वाळू दे.

चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल नको. त्यातल्या पाण्यानं कागद फुगतो आणि वाळताना पत्ता होडीसारखा वाकतो. रबर सिमेंट नावाचा गोंद दोन्ही बाजूंना पातळ लाव, वाळू दे, मग जोड. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून आधी एक कोपरा आणि त्याच्या दोन कडा पट्टीला भिडवून मगच पत्ता खाली टेकव. वर्षा-दोन वर्षांत रबर सिमेंट पिवळं पडू शकतं, तेव्हा हे पत्ते जन्मभर टिकतील असं समजू नकोस. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पातळ फिल्म मिळाली तर ती जास्त स्वच्छ. आणि दोन्ही पदर उभेच जोड. कागदाला धाग्यांची एक दिशा असते, एक पदर उभा आणि दुसरा आडवा जोडलास तर हवा बदलली की पत्ता वाकलाच म्हणून समज. तयार पत्ता रात्रभर जाडजूड पुस्तकांच्या ओझ्याखाली ठेव.

मग कापणं. स्टीलची पट्टी, नवं पातं, खाली कटिंग मॅट. एका जोरात कापू नकोस, हलक्या हातानं तीन-चार वेळा पातं फिरव. कोपऱ्यांसाठी गोल कापणारा पंच मिळतो. नसेल तर नेलकटरनं थोडं थोडं काप आणि पॉलिश पेपरनं गुळगुळीत कर. ताज्या कापलेल्या कडा पांढऱ्याशुभ्र दिसतात आणि खेळलेल्या कॅटच्या कडा मळकट. म्हणून बनावट पत्ता ज्या कॅटात राहणार, त्यातच घालून रोज पिसत जा. तुझ्या हातांनीच सगळे एकसारखे मळतील.

आखूड पत्ता सगळ्यांत सोपा, आणि माझा सगळ्यांत लाडका. कुठलाही पत्ता घे, एका अरुंद बाजूनं अर्धा ते पाऊण मिलिमीटर काप, कोपरे पुन्हा गोल कर. झालं. कॅट अंगठ्यानं सोडत गेलास की त्या जागी बारीकसा “टक्” होतो आणि हात आपोआप थांबतो. त्याच्या शेजारी प्रेक्षकाचा पत्ता ठेवलास की तो केव्हाही हाताशी. आखूड पत्ता कुणी हातात घेऊन पाहिला तरी संशय येत नाही, त्यामुळे त्याच्या परतीचा प्रश्नच येत नाही. पैसे लावून खेळताना मात्र हा पत्ता कॅटात ठेवायचा नाही. तिथे ती जादू राहत नाही, लबाडी होते. तुला सांगायला नको, पण तुझ्या धाकट्या मेहुण्याला सांग.

झडपेच्या पत्त्यात माझं मन जास्त रमतं. यात पत्त्याच्या मध्यावर एक अर्धी झडप असते. झडप खाली असताना एक पत्ता दिसतो, वर उलटली की दुसरा. मूळ पत्त्यावर पहिल्याचा वरचा अर्धा भाग आणि दुसऱ्याचा खालचा अर्धा भाग चिकटव. झडपेच्या एका बाजूला पहिल्याचा खालचा अर्धा, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा वरचा अर्धा. दोन्ही तुकड्यांच्या मधल्या कापलेल्या कडा एकाच बाजूला आल्या पाहिजेत, बिजागरीही तिथेच. आता पत्ते कुठले घ्यायचे, हीच यातली मेख. मधली रेघ चिन्हावरून गेली तर ती दिसते. एक्का, तिर्री, पंजी आणि नव्वीला बरोबर मध्यभागी चिन्ह असतं. छक्की, सत्ती आणि अठ्ठीला मधल्या ओळीत कडेला दोन चिन्हं असतात. राजा-राणीच्या चित्राला तर मध्यावरूनच नक्षी जाते. म्हणजे उरल्या दुर्री, चौकी आणि दश्शी. यांचा मध्य कोरा असतो, तिथली चीर पांढऱ्यावर पांढरी. चौकटची दुर्री डोळ्यांदेखत इस्पिकची दश्शी होते, आणि तीही हात कॅटजवळ न नेता. झडपेचे पदर होतील तेवढे पातळ घास, नाहीतर एका अर्ध्याला फुगवटा येतो. हा पत्ता कॅटात ठेवून पिसायचा नाही आणि कुणाच्या हातात तर मुळीच द्यायचा नाही. खेळ संपला की सरळ खिशात.

सोलून-चिकटवून पत्ते करण्याची ही परंपरा जुनी आहे बरं का. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नात योहान नेपोमुक होफझिन्सर (१८०६–१८७५) नावाचा सरकारी नोकर होऊन गेला. त्यानं असे कितीतरी पत्ते कल्पून पत्त्यांच्या जादूचं रूपच पालटलं. नोकरी सांभाळून आपल्याच दिवाणखान्यात निवडक लोकांसमोर खेळ करायचा. तुझ्यासारखाच कारकुनी करणारा माणूस, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता तुझा अदृश्य कॅट. बारीक अक्षरात का लिहिलास? यादीत पहिला हवा होता. यात कापाकापी नाही, सोलणं नाही, फक्त स्प्रे. जो बर्ग नावाच्या जादूगारानं १९३६ मध्ये ही कल्पना ‘अल्ट्रा मेंटल’ नावानं आणली. पत्ते पाठीला पाठ लावून जोडीनं ठेवायचे आणि पाठी किंचित खरखरीत करायच्या. दोन खरखरीत पाठी एकमेकींना धरून राहतात, त्यामुळे पत्ते पसरताना जोडी एकच पत्ता वाटते. हवा तो पत्ता आला की अंगठ्याचा दाब कमी करून हलकेच सरकवायचा, जोडी सुटते आणि साऱ्या कॅटात तोच एक पालथा दिसतो. प्रेक्षकानं मनात धरलेला पत्ता, आणि कॅटात उलटा तोच! जोड्या लावायचा हिशेब असा: बेरीज तेरा. राणी-एक्का, गुलाम-दुर्री, दश्शी-तिर्री, नव्वी-चौकी, अठ्ठी-पंजी, सत्ती-छक्की. इस्पिकची जोडी बदामाशी, किलवरची चौकटशी. राजांची जोडी राजांशीच. बेरीज तेरा म्हणजे जोडीत एक सम आणि एक विषम आलाच, म्हणून सगळे सम पत्ते एकीकडे तोंड करून आणि विषम दुसरीकडे. राजांचं तेवढं ठरवून ठेव, इस्पिक आणि किलवर समांच्या बाजूला, बदाम आणि चौकट विषमांच्या.

मॅट वॉर्निशचा स्प्रे पाठीवर २५–३० सेंटिमीटरवरून मार, अगदी हलका, पूर्ण वाळू दे, मग दुसरा हात. एकदम जास्त मारलास तर पत्ते इतके चिकटतील की सुटणारच नाहीत. दमट हवेत मारलास तर पाठीवर पांढुरकी झाक येते, कोरडा दिवस बघ. खिडक्या उघड्या ठेव. या कॅटलाही वाट हवीच. पत्ता दाखवून झाला की कॅट बंद करून खिशात टाक आणि खिशातला त्याच रंगाचा साधा कॅट पुढच्या खेळाला बाहेर काढ.

म्हणजे तुझी यादी आता अशी: आखूड पत्ता, दोन्हीकडे पाठ असलेला पत्ता, झडपेचा पत्ता, अदृश्य कॅट. दुतोंडी पत्ते पुढच्या वेळी. यांतही आखूड पत्त्यापासून सुरुवात कर, कटरला हात बसतो. झडपेचा तयार झाला की दोन जाड पुठ्ठ्यांमधे घालून मला पाठव, मी दिव्यासमोर धरून बघतो आणि कुठे घासायचं ते पेन्सिलीनं खूण करून परत धाडतो.

वहिनींना नमस्कार, चिंगीला आशीर्वाद.

तुझा,
अण्णा

ता. क. – कटरचं पातं दर दहा-बारा कापांनंतर बदल. बोथट पातं कागद कापत नाही, फाडतं, आणि झडपेच्या मधल्या चिरेवर ते पहिलं दिसतं.