ओसरीतली भिंत काढायची आहे

सातारा, व्यंकटपुरा पेठ

ती. आई-बाबा,

शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "वाड्याच्या दुरुस्तीत एवढा पैसा घालतेच आहेस तर तो पाडून सरळ आरसीसी बांध, पुढच्या पन्नास वर्षांची कटकट मिटेल." मी तेव्हा नुसतं "बघते" म्हणाले. असलं बोलणं फोनवर होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते. दादाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, म्हणजे आईलाही नीट ऐकू जाईल.

बाबा, वाडा पाडायचा नाही. हे मी तुमचं मन मोडायला म्हणत नाही. तुम्ही उभी नोकरी पाटबंधारे खात्यात काढलीत, धोम धरणाच्या कामावर उन्हात उभे राहिलात. तुम्हाला सिमेंटवर भरवसा वाटणार नाही तर कोणाला वाटेल? पण ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आपल्या वाड्याचं काय झालं, हे तुम्हीच मला सांगितलं आहे. परसाकडची मातीची भिंत आडवी झाली, माडीची कौलं घसरली, पण सोप्याच्या पाच खणांतला एकही खांब पायाच्या दगडावरून, तळखड्यावरून, हलला नाही. आजोबांनी आठवड्याभरात कौलं परत चढवली होती. आता वाडा तपासायला आलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनेही तेच सांगितलं. या वाड्याचं वजन खांब, तुळया आणि कड्यांनी तोललेलं आहे, मधल्या भिंती बहुतेक नुसता भराव आहेत. लाकडाचे सांधे थोडे हलतात, पुन्हा बसतात. सांगाडा धड असेल तर त्यावर खर्च करायला हरकत नाही, असं त्यांचं स्पष्ट मत पडलं. त्यांनी प्रत्येक खांबाच्या पायाशी आणि तुळईच्या टोकाशी टोच्या मारून पाहिला. दोन खांबांचे पाय कुजलेत, दोन्ही मागच्या बिऱ्हाडाच्या मोरीजवळचे. वर टेकू देऊन तेवढा कुजका भाग कापायचा आणि त्याच जाडीच्या जुन्या सागवानाचा तुकडा खाच पाडून जोडायचा. जुनं सागवान मिळतं. आपल्याच पेठेत पाडलेल्या वाड्यांचं लाकूड विकायला येतं, हे लिहितानाही जिवावर येतं.

आणखी एक. पाडला की पुन्हा हा आकार मिळणार नाही. नव्या परवानगीला पार्किंग दाखवावं लागेल, म्हणजे पहिल्यांदा चौक जाईल. मग तुळशीवृंदावन कुठे ठेवायचं, गच्चीवर? गाडी मी मंगळवार तळ्याकडे लावून चालत येईन. दिंडी दरवाजा गाडीसाठी रुंद करू या असं एका कंत्राटदाराने सुचवलं होतं, त्याला मी तिथेच निरोप दिला.

आता चुन्याचं. तुम्ही विचारलंत की बाहेरून सिमेंटचा गिलावा का करत नाही. भाऊकाकांच्या बाजूची भिंत तुम्हाला आठवते ना? तिथे सिमेंटचा गिलावा आहे, आणि दर पावसाळ्यानंतर तिचेच पोपडे पडतात, आपल्या बाजूच्या चुन्याच्या भिंतीचे पडत नाहीत. तो गिलावा थोडा खरवडला तर आतली माती हाताला ओली लागली, तीही भर एप्रिलमध्ये. मातीची भिंत जोत्यातून थोडी ओल वर ओढणारच. चुन्यातून ती ओल हवेत निघून जाते, सिमेंटखाली अडकते. रेनकोट घालून दिवसभर शेतात राबलं तर अंग आतल्या आत भिजतं, तशी ती भिंत भिजली आहे. म्हणून सगळं सिमेंट काढायचं आणि चुनाच करायचा.

चुन्याचं काम करणारे गवंडी वाईकडचे मिळाले, घाटांच्या आणि देवळांच्या दुरुस्तीवर हात बसलेला आहे. त्यांनी परसात खड्डा करून कळीचा चुना विरवला आहे आणि तो पाण्याखाली मुरायला ठेवलाय. वाळूबरोबर सुरखी, म्हणजे विटांची पूड, घालणार, आणि पाण्यात हिरडा व गूळ. चुना हवेतला कर्बवायू शोषून हळूहळू घट्ट होतो, त्यामुळे एका थरावर दुसरा थर लगेच मारता येत नाही. तुम्ही म्हणाल, एवढा वेळ कोणाला आहे. पण बाबा, वाईच्या ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ मध्ये कृष्णेच्या अगदी काठावर बांधलं, मागची भिंत माशाच्या आकाराची केली म्हणजे पुराचं पाणी दुभंगून जाईल, आणि ते आजही उभं आहे. त्या काळी सिमेंट नव्हतंच. वेळ लागू दे. तोवर तुम्ही नाशिकला नातवंडांत राहा. बाहेरचा गिलावा पाऊस सरल्यावर करू, आत्ता फक्त आतलं. यवतेश्वराकडून येणारा पाऊस आपल्या पश्चिमेच्या भिंतीवर कसा मारतो ते तुम्हाला मी सांगायला नको, म्हणून पन्हळी आणि कौलांचं काम सगळ्यात आधी संपवलं. नव्या वाशांना आणि रिपांना काजूच्या टरफलाचं तेल लावून घेतलंय, वाळवीसाठी.

खांबांवरचा तो निळा तैलरंग आठवतो? भाडेकरूंच्या काळात थरावर थर चढले होते. सुतार तो हातानेच खरवडतोय, कॉस्टिक सोडा लावू दिलेला नाही, लाकडाचे तंतू सुटतात त्याने. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून ओजसला त्या बाजूला फिरकू देत नाही. पण आई, खालून काय निघालं सांगू? खांबातून निघून तुळईला आधार देणाऱ्या प्रत्येक हस्तावर कोरलेलं कमळ, आणि मधल्या दोन खांबांवर उलटी केळफुलं. माझा जन्म या घरातला आणि मी ती कधी पाहिली नव्हती. तू पाहिली होतीस का, लग्न होऊन आलीस तेव्हा? रंग पूर्ण निघाला की नुसतं जवसाचं तेल देऊन सोडायचं ठरवलं आहे.

आता मुद्द्याचं लिहिते. ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते हेच.

तीन बिऱ्हाडांचं एक घर करायचं म्हणजे ओसरीतली भिंत काढावी लागणार. तुम्ही आणि भाऊकाकांनी वाटणीच्या वेळी, १९८६ साली, घातलेली. तिच्यामुळे पाच खणांच्या सोप्याचे दोन तुकडे झाले, चौकाचं ऊन एकाच बाजूला राहिलं, आणि देवघर आपल्याकडे तर आड त्यांच्याकडे गेला. मी लहान होते. त्या दिवसांत तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हता, एवढं मला कळत होतं. काका गेले तेव्हा तुम्ही त्या भिंतीच्या अलीकडे बराच वेळ उभे होतात. मी तेव्हा काही विचारलं नाही, आत्ताही विचारत नाही.

इंजिनिअरने भिंत काढण्याआधी वरच्या बाजूला एक वीट काढून आत पाहिलं. आपण समजत होतो की ती नुसती आडभिंत आहे, कधीही काढावी. पण मधल्या खणाचा खांब त्या भिंतीतच गाडलेला आहे, आणि वीट नीट लागावी म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंचे हस्त कापून टाकलेत. हस्त गेल्यामुळे तुळई इतक्या वर्षांत थोडी खाली बसली आणि आता तिचा भार थेट विटांवर आलाय. एकदम भिंत पाडली असती तर माडीची जमीन खाली आली असती. म्हणून क्रम असा ठरलाय: आधी तुळईच्या दोन्ही अंगांना टेकू, मग जॅकने तुळई अगदी सावकाश, रोज थोडी थोडी, वर घ्यायची, मग भिंत वरून एकेक थर करत उतरवायची, आणि शेवटी खांबाला नवे हस्त बसवायचे. सुताराने शेजारच्या खांबावरच्या कमळाचा कागदावर ठसा घेऊन ठेवलाय. नवं कमळ थोडं नवं दिसेल. दिसू दे. जुनं असल्याचा आव त्याने आणायला नको.

काकूंशी मी बोलले. त्यांच्या हिश्श्याचं खरेदीखत झालं, मिळकत पत्रिकेवर नावं चढली, त्या अर्थाने त्यांची परवानगी लागत नव्हती, पण विचारल्याशिवाय मला पुढे जाववलं नसतं. त्या म्हणाल्या, "काढ. पण तुझ्या बाबांना आधी विचार." म्हणून विचारते आहे. तुम्ही हो म्हणेपर्यंत भिंतीची दुसरी वीट निघणार नाही. बाकीचं काम चालू ठेवता येतं.

ती निघाली तरी खालच्या शहाबादी फरशीत तिच्या जाडीएवढी पट्टी मोकळी पडेल. तिथे तशीच जुनी फरशी लावून ती जागा बेमालूम करता येईल असं गवंडी म्हणतो. माझं मत वेगळं आहे. तिथे काळ्या दगडाची अरुंद पट्टी घालावी, जमिनीच्या सपाटीला, ठेच लागणार नाही अशी. त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना माणसं जगली आहेत. पलीकडे काकूंनी तीन मुलं वाढवली, अलीकडे आपण. काही घडलंच नाही असं मला दाखवायचं नाही. यावरही तुमचा शब्द शेवटचा.

आई, आता तुझं. दादा सांगत होता की तुला काळजी लागली आहे, "जुनं जपण्याच्या नादात पोरगी मला परत चौक ओलांडून न्हाणीत पाठवणार." अजिबात नाही. तुमची खोली खालीच, माजघराशेजारी. काकूंचं जुनं स्वयंपाकघर तिला लागून आहे आणि तिथे सांडपाण्याचा निचरा आधीपासून आहे, म्हणून तिथेच तुमचं न्हाणीघर आणि कमोड. दाराला उंबरा नाही, भिंतीला धरायला दोन दांड्या, खाली खडबडीत शहाबादी. गुळगुळीत टाइल्स चकाकतात खऱ्या, पण ओल्या झाल्या की तुझ्या गुडघ्यांचं काय होईल या विचाराने मला झोप येणार नाही. माडीवर मात्र एकही मोरी नको, हे मी ठामपणे धरलंय. माडीच्या लाकडी जमिनीत, कडीपाटात, पाणी मुरलं की कळेपर्यंत उशीर झालेला असतो. आम्ही तिघं माडीवर झोपू आणि अंघोळीला खाली येऊ.

ओसरीतून माजघरात येतानाचा उंबरठा उंच आहे, तो कापायला सगळेच सांगतात. कापणार नाही. त्याच्या दोन्ही अंगांना लाकडी उतार बसवणार, उचलून बाजूला ठेवता येईल असा. हळदी-कुंकवाला बायका आल्या की काढायचा, एरवी राहू द्यायचा. चौकावर काच घालायची सूचनाही आली होती. चौक बंद झाला तर घरातली गरम हवा वर निघून जायची वाट बंद होते आणि भिंतींची ओलही आतच राहते. चौक उघडाच राहील. तुला तो पावसात ओलांडावा लागणार नाही, एवढं मी पाहिलं आहे.

मागच्या भाडेकरूंचं स्वयंपाकघर बाबांच्या वाचनासाठी ठेवलंय, परसाकडे खिडकी आहे, वरून अजिंक्यतारा दिसतो. कोनाडे सगळे ठेवलेत, त्यांत पुस्तकं बसतील. तीन मीटरचं एक करायचा अर्ज महावितरणकडे दिलाय. वायरिंग भिंतीत गाडणार नाही, वरूनच लाकडी पट्टीतून जाईल. मातीच्या भिंतीला खाचा मारलेल्या चालत नाहीत.

पैशांचं बाबांना वेगळ्या कागदावर लिहून पाठवलंय, आकड्यांसकट. आरसीसीपेक्षा स्वस्त पडणार नाही, तसं मी म्हणतही नाही. पण पुण्याचा फ्लॅट विकून आलेला पैसा कुठे लावायचा हे आम्ही दोघांनी नीट बसून ठरवलं आहे. ह्यांनाही सातारा आवडू लागलाय. लग्नानंतर मी माहेरी राहायला येते आहे याचं आईला लोकांपुढे अवघड वाटतं, हे दादाने सांगितलं. आई, माझ्या सासूबाईंनीच "आधी त्यांची सोय बघ" असं सांगितलं. त्या दिवाळीला येणार आहेत आणि त्यांना तुझ्या हातचे कडबोळे हवेत.

आता तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात. बाबा, भिंतीबद्दल हो की नाही, आणि काळी पट्टी चालेल की नको. आई, ओट्याची उंची. सध्याचा ओटा तुला उंच पडतो असं तू नेहमी म्हणतेस, पण किती, ते कोणी कधी मोजलं नाही. दादाला टेप घेऊन सांग: तू चप्पल घालून सरळ उभी राहा, कोपरात हात वाकव, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोज. त्यातून चार-पाच इंच वजा करून मी गवंड्याला सांगते. शनिवारपर्यंत कळवलंत तर बरं, ओट्याचा दगड त्याच दिवशी कापायला जायचा आहे.

तुमची,
सुमा