तालुक्याच्या सामन्यांचे धावफलक छापावेत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर गेल्या आठवड्यात तालुकास्तरीय शालेय सॉफ्टबॉल स्पर्धेची बातमी वाचली. उद्घाटक, अध्यक्ष, सूत्रसंचालक आणि आभार मानणारे या सर्वांची नावे तीत होती, आणि ती छापण्याला माझी मुळीच हरकत नाही. परंतु अंतिम सामन्यात कोणत्या मुलीने किती धावा काढल्या, चेंडू कोणी टाकले, होमरन (एकाच फटक्यावर मैदानातील चारही टप्पे, म्हणजे ‘बेस’, पार करून धाव पूर्ण करणे) कोणी मारला, याची एक ओळही त्या बातमीत नव्हती. मी ३१ वर्षे ग्रामीण शाळेत क्रीडाशिक्षक होतो. ही उणीव किरकोळ नाही, हे पटवून देण्यासाठी सॉफ्टबॉल ज्या खेळातून निघाला त्या बेसबॉलच्या आरंभकाळातील एका थोर फलंदाजाची हकीकत सांगण्याची परवानगी घेतो.

रॉजर कॉनर यांचा जन्म १ जुलै १८५७ रोजी अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील वॉटरबरी या पितळेच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी, आयर्लंडहून आलेल्या कुटुंबात झाला. १८८० साली ते ट्रॉयच्या संघातून नॅशनल लीग या अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत उतरले आणि १८९७ पर्यंत अव्वल दर्जाचे बेसबॉल खेळले. उमेदीची बहुतेक वर्षे त्यांनी न्यूयॉर्कच्या संघाला दिली. हा डावखुरा फलंदाज सहा फूट तीन इंच उंचीचा होता, आणि न्यूयॉर्कच्या संघाला ‘जायंट्स’ हे नाव पडले त्यात त्यांच्या धिप्पाड शरीराचाही वाटा असल्याचे सांगतात. १८८५ साली .३७१ च्या (दर हजार संधींत ३७१ यशस्वी फटके) सरासरीने ते लीगमधील पहिल्या क्रमांकाचे फलंदाज ठरले. १८८८ आणि १८८९ या लागोपाठच्या वर्षी न्यूयॉर्कने विजेतेपद मिळवले, त्या संघाचे ते आधारस्तंभ होते.

१० सप्टेंबर १८८१ चा त्यांचा पराक्रम मी वर्गात अनेकदा सांगितला आहे. वूस्टरविरुद्धच्या सामन्यात शेवटच्या डावात ट्रॉयचा संघ ४-७ असा मागे होता, दोन खेळाडू बाद झाले होते आणि तिन्ही बेसवर ट्रॉयचे खेळाडू उभे होते. कॉनर यांनी होमरन मारला, एका फटक्यात चार धावा झाल्या आणि ट्रॉयने सामना ८-७ असा जिंकला. अव्वल दर्जाच्या बेसबॉलमधील नोंद असलेला हा पहिला ‘ग्रँड स्लॅम’ होय. पुढे १८८६ साली न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर त्यांनी चेंडू थेट मैदानाच्या कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर पाठवला, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या शेअर बाजारातील मंडळींनी वर्गणी काढून त्यांना सोन्याचे घड्याळ भेट दिले.

कारकिर्दीत त्यांनी एकूण १३८ होमरन मारले. आजच्या वाचकाला हा आकडा लहान वाटेल, म्हणून त्या काळचा खेळ समजून घेतला पाहिजे. एकच चेंडू सामन्यात दीर्घकाळ वापरला जाई, त्यामुळे तो मळून मऊ पडे. मैदाने विस्तीर्ण असत आणि फटका लांब गेला तरी बहुधा पळूनच धावा काढाव्या लागत. खेळाचे नियमही स्थिर नव्हते. १८८१ मध्ये पिचर ५० फुटांवरून चेंडू टाकत असे, तर १८९३ पासून हे अंतर ६० फूट ६ इंच झाले. १८८४ मध्ये खांद्यावरून चेंडू टाकण्यास मुभा मिळाली. या सर्व बदलांतून कॉनर धावा काढत राहिले. माझ्या मते त्यांचा खरा मोठेपणा १३८ होमरनपेक्षाही २३३ ‘ट्रिपल’मध्ये आहे. एकाच फटक्यावर तिसऱ्या बेसपर्यंत पोहोचायला ताकदीइतकीच पायांत धावही लागते, आणि एवढ्या भारदस्त देहाच्या माणसाने ती कमावली होती. या प्रकारात आजही ते सार्वकालिक यादीत पाचव्या स्थानी आहेत.

निवृत्तीनंतर त्यांनी वॉटरबरीत स्थानिक संघ चालवला आणि नंतर शहरातील शाळांच्या इमारतींचे निरीक्षक म्हणून नोकरी केली. १८ जुलै १९२१ रोजी पुढच्या पिढीतील विख्यात फलंदाज बेब रूथ यांनी १३९ वा होमरन मारून कॉनर यांचा सर्वाधिक होमरनचा विक्रम मागे टाकला. त्या दिवशी ६४ वर्षांचे कॉनर हयात होते, पण विक्रम मोडल्याचा गाजावाजा झाला नाही, कारण असा विक्रम अस्तित्वात आहे याचीच लोकांना कल्पना नव्हती. कारकिर्दीच्या एकूण होमरनची बेरीज तेव्हा कोणी करून ठेवत नसे. ४ जानेवारी १९३१ रोजी कॉनर वारले आणि वॉटरबरीच्या सेंट जोसेफ दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. त्या जागेवर त्यांच्या नावाचा दगडही नव्हता.

१९७४ मध्ये हँक एरन यांनी रूथ यांचा ७१४ होमरनचा विक्रम मोडला, तेव्हा रूथ यांच्याआधी हा मान कोणाचा होता, असा प्रश्न निघाला. उत्तर जुन्या वर्तमानपत्रांत सापडले. जॉन टॅटरसॉल यांच्यासारख्या चिकाटीच्या अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकातील अंकांमध्ये छापलेले सामन्यांचे धावफलक जमवून होमरन मोजले होते. कॉनर यांचा आकडा आधी १३१ धरला जाई, मग तो १३७ झाला आणि पुढे १३८ वर स्थिरावला. १९७६ साली, मृत्यूनंतर ४५ वर्षांनी, त्यांचा कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील थोरांच्या सन्मानदालनात, समावेश झाला, आणि २००१ मध्ये वॉटरबरीच्या नागरिकांनी वर्गणी करून त्यांच्या थडग्यावर शिळा बसवली. कोणा अनामिक वार्ताहराने सामना संपल्यावर आकडे लिहून घेतले नसते आणि संपादकाने त्यांना पानावर जागा दिली नसती, तर हे काहीही घडले नसते.

नागपुरात जन्मलेल्या कर्नल सी. के. नायडूंनी १९२६ साली मुंबईत एमसीसीविरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा केल्या, हे आपण अभिमानाने सांगतो, कारण त्याची नोंद आहे. पण आमच्या भागातील मुलामुलींचे काय? माझ्या शाळेत एक मुलगी होती. शाळेमागे मैदान संपले की धुरा आणि धुऱ्यापलीकडे तुरीचे वावर. तिने मारलेले चेंडू शोधायला आम्ही अर्धा वर्ग त्या तुरीत पाठवत असू. तालुक्याला आणि जिल्ह्याला ती तीन वर्षे खेळली. मागच्या पोळ्याला ती माहेरी आली होती, तेव्हा तिचा मुलगा मला भेटायला आला आणि त्याने विचारले, ‘‘सर, आईने एकूण किती होमरन मारले होते?’’ मला सांगता आले नाही. सामन्यांच्या वह्या मी स्वतः लिहिल्या होत्या, पण ज्या खोलीत त्या ठेवल्या होत्या ती गळत होती, आणि ओल्या कपाटातील कागद वाळवीने संपवले. तिच्याजवळ जी प्रमाणपत्रे आहेत, त्यांवर फक्त ‘सहभाग’ एवढेच लिहिलेले आहे. त्या वर्षांचे वर्तमानपत्रांचे अंक मी तालुक्याच्या वाचनालयात जाऊन चाळले. शाळेचे नाव सापडले, तिचे नाव कुठेही नव्हते.

म्हणून माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे की सॉफ्टबॉल, कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल अशा तालुका व जिल्हास्तरीय शालेय सामन्यांच्या बातमीखाली लहान टाइपात चार ओळींचा धावफलक किंवा गुणफलक छापावा: दोन्ही संघांतील खेळाडूंची पूर्ण नावे, प्रत्येकाच्या धावा अथवा गुण आणि सामन्याची तारीख. जागेची अडचण मी समजू शकतो, परंतु चार ओळींना एका छायाचित्राइतकीही जागा लागत नाही. आकडे कोण पाठवणार, हा प्रश्न रास्त आहे. त्याची व्यवस्था शाळांनी करावी, आणि बहुतेक क्रीडाशिक्षक ती आनंदाने करतील असा माझा अनुभव आहे. आमच्या तालुक्यापुरती ही जबाबदारी मी स्वतः घेतो. पुढच्या फेरीचे सामने सुरू होताच प्रत्येक सामन्याचा फलक पंचांच्या सहीसह त्याच दिवशी सायंकाळी आपल्या वार्ताहराकडे पोहोचता करीन.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
ता. आर्वी, जि. वर्धा