तिचे पाय आणि तुझी सातची लोकल

सोन्या,

काल फोनवर तू म्हणालास ना, आई, ही रात्रभर पाय हलवते, मला सकाळी सातची लोकल असते, मी हॉलमध्ये झोपायला लागलोय, तेव्हा मी काही बोलले नाही कारण सूनबाई तिथेच बाजूला असणार. पण नंतर मलाच झोप लागेना म्हणून आता सगळं टाइप करतेय. मेसेज मोठा होणार आहे, ट्रेनमध्ये सीट मिळाली की निवांत वाच, पण वाच.

तू हसत हसत म्हणालास की हल्ली प्रत्येक गोष्टीला सिंड्रोम म्हणतात. अरे बाबा, या पायांच्या वळवळीबद्दल थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरने १६७२ मध्ये लिहून ठेवलंय आणि रेस्टलेस लेग्ज, म्हणजे अस्वस्थ पाय, हे नाव स्वीडनच्या एकबॉम डॉक्टरांनी १९४५ च्या सुमारास दिलं, म्हणजे तुझा बाप जन्मायच्या आधी. गरोदर बायकांत साधारण पाचातल्या एकीला होतं आणि शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त. तिला सातवा लागलाय. तर हे नाटक नाही आणि "टेन्शन घेते म्हणून" पण नाही.

होतं काय ते सांगते, कारण तू तिला नीट विचारलं नसणार. दिवसभर ऑफिसात चालती-फिरती असते तोवर काही नसतं, संध्याकाळी बूड टेकलं की पोटऱ्यांच्या आतून वळवळ सुरू होते, धड दुखत पण नाही आणि गप्प बसवत पण नाही, पाय हलवला की बरं वाटतं, थांबवला की पुन्हा सुरू. रात्री आडवं पडलं की अजून वाढतं. पायात गोळा येतो ते वेगळं हां, त्यात पोटरी कडक होते आणि कळ येऊन माणूस ओरडतो, आणि पाय दुमडून बसल्यावर मुंग्या येतात ते आणखी वेगळं. डॉक्टर विचारतील तेव्हा हा फरक सांगता आला पाहिजे, कारण यात पायाचा एक्स-रे वगैरे काही नसतो, सांगण्यावरूनच ओळखतात.

तिने तुला एक सांगितलं नसेल, मला सांगितलं. संध्याकाळी चर्चगेटहून बोरिवली लोकलमध्ये तिला बायका उठून जागा देतात, ती अंधेरीपर्यंत कशीबशी बसते आणि मग उठून दाराजवळच्या दांड्याला धरून उभी राहते, बायका ओरडतात अगं बस ना पोटुशी बाई तू, आणि तेवढ्यात टपलेली कोणीतरी बसून पण जाते. रोज. आता मला सांग, सातव्या महिन्यात मिळालेली सीट कोण हौसेने सोडेल? दिव्यांग डब्यात गरोदर बाईला चढता येतं, तिथे गर्दी कमी असते, उठून चार पावलं टाकता येतात, तिला म्हणावं त्यात जा, लाजू नको.

मला तुझ्या वेळी झालं होतं. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, पाय हलवायचे तरी कुठे, मी आपली गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचे. शेजारच्या काकू मिलच्या दुसऱ्या पाळीवरून आलेल्या काकांना वाढत असायच्या, त्यांच्या दाराशी येऊन उभं राहिलं की म्हणायच्या ये ग, बस जरा, आणि मला तर बसायचंच नसायचं. तुझी आजी म्हणायची वात आहे, तिळाचं तेल कोमट करून चोळायची, तेवढ्यापुरतं खरंच बरं वाटायचं. नाव-बिव कोणी सांगितलं नाही. तू झालास आणि बाळंतपणाच्या गडबडीत ते कधी गेलं कळलंच नाही. बहुतेक जणींचं डिलिव्हरीनंतर काही आठवड्यांत जातंच, हे तिला रोज सांग, तिला वाटतंय की हे आता जन्माचं.

आता मुद्द्याचं. मी इतकी वर्षं लॅबमध्ये रक्तं तपासली आहेत, त्यामुळे हे माझं ऐक. तू म्हणालास रिपोर्ट नॉर्मल आहे, हिमोग्लोबिन साडेअकरा. बरोबर, गरोदरपणात अकराच्या वर म्हणजे अॅनिमिया नाही. पण लोहाच्या हिशेबात हिमोग्लोबिन म्हणजे पाकिटातले पैसे, बँकेत किती शिल्लक आहे, म्हणजे अंगात लोहाचा साठा किती, ते फेरिटिनमध्ये कळतं, आणि ती टेस्ट गरोदरपणातल्या नेहमीच्या (एएनसी) तपासण्यांमध्ये बऱ्याचदा नसतेच, वेगळी लिहून घ्यावी लागते. या आजारात मेंदूला लोह कमी पडतं आणि त्याने डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं गणित बिघडतं असं मानतात, आणि गरोदरपणात तर बाळ आईच्या साठ्यातून लोह ओढतच असतं. अजून एक गोम आहे. लॅबच्या रिपोर्टवर फेरिटिन १५-२० आलं तरी ते ठळक अक्षरात येत नाही, रेंजमध्येच दिसतं, पण असे पाय होत असतील तर ७५ च्या खाली असलं तरी डॉक्टर लोह द्यायचा विचार करतात. म्हणून "नॉर्मल आहे" वर जाऊ नकोस, आकडा बघ. आणि तिला ताप किंवा इन्फेक्शन असेल त्या आठवड्यात टेस्ट करू नका, तेव्हा फेरिटिन उगाच चढलेलं दिसतं.

लोहाची गोळी ती घेते, पण कशी घेते विचारलंस? मी विचारलं. सकाळी चहाबरोबर, आणि कॅल्शियमची पण लगेच तेव्हाच, म्हणजे एकदाचं सुटलो! चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहा त्यानंतर तास-दोन तासांनी, कॅल्शियम दुसऱ्या जेवणानंतर. शौचाला काळं होईल, घट्ट होईल, घाबरायचं नाही. पोटाला सोसत नसेल तर सलाइनमधून पण लोह देतात, ते डॉक्टर ठरवतील, डोस मनाने वाढवायचा नाही. उलटीच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी ही वळवळ वाढते, तेव्हा सगळी औषधं पिशवीत भरून डॉक्टरांना दाखवा. झोपेची गोळी केमिस्टकडून आणायची नाही म्हणजे नाही.

काल विहीणबाईंशी बोलले कारण हे घराण्यात असतं बऱ्याचदा. तर त्या म्हणाल्या, अहो मला अजून होतं, रत्नागिरीच्या रात्रीच्या एसटीत मी पनवेल सुटलं की पाय आपटत असते. इतक्या वर्षांत मुलीला बोलल्या नव्हत्या! डॉक्टरांना हे पण सांगायचं.

बाकी घरच्या घरी जमेल ते कर. संध्याकाळी चारनंतर चहा-कॉफी बंद, तुझा पण बंद म्हणजे तिला वास येणार नाही. जेवल्यावर सोसायटीच्या आवारात दोघं फिरा. झोपताना कोमट पाण्याची बादली, मग पोटऱ्या ताणायचा व्यायाम आणि दहा मिनिटं तू चोळून दे, हलक्या हाताने. हॉलमध्ये झोपायचंच असेल तर तिला मोठा पलंग मिळावा म्हणून झोप, कंटाळून नाही, आणि रात्री दोनला ती फेऱ्या मारत असली तर सकाळी डबा तू भर.

एक मात्र लक्षात ठेव, एकाच पायाला सूज, लाली, गरमपणा, दुखणं असं दिसलं तर चोळायचं नाही, सरळ हॉस्पिटल, ते रक्ताच्या गुठळीचं असू शकतं. चेहरा सुजला, डोकं खूप दुखलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं तरी तसंच, रात्र-बित्र बघू नकोस.

शनिवारी तुला सुट्टी आहे, तिच्या डॉक्टरांकडे तू बरोबर जा, ती एकटी गेली की "सगळं ठीक आहे" म्हणून परत येते. फेरिटिनचा रिपोर्ट आला की मला फोटो पाठव, पूर्ण पानाचा, मागच्या वेळी अर्धा कापून पाठवला होतास तसा नको.

आई