नक्कल मिटून बोल

चि. बाय हीस अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन येऊन गेल्यापासून तुझी आई माझ्या मागे लागली आहे. "जन्मभर मास्तरकी केलीत, मग पोरीला काहीतरी सांगा की!" फोनवर मला नीट बोलता येत नाही, ते तुला ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसलो. (घरात आपण कोंकणीत भांडतो आणि पत्र मराठीत लिहितो. तुझ्या आजोबांपासूनची रीत आहे, ती मोडवत नाही.)

धडा तीनदा वाचलास, पिवळ्या-गुलाबी पेनांनी पानं रंगवलीस, आणि शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत मेंदूतून निघणाऱ्या 12 मज्जातंतूंपैकी सातवा कुठला असं विचारल्यावर बोटं मोजत बसलीस. सातवा म्हणजे चेहऱ्याचे स्नायू हलवणारा, हे आता मलाही पाठ झालं. नेमका त्याच्यापाशीच तुझा चेहरा पडावा! रागावू नकोस. हसलो, कारण माझीही अशीच गत झाली होती.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. आपल्या देवळाच्या जत्रेतल्या नाटकात मला प्रधानाचं काम मिळालं. त्या काळी अख्खं नाटक कुणाच्या हाती देत नसत. प्रत्येकाला त्याची नक्कल मिळायची, म्हणजे आपली तेवढी भाषणं आणि प्रत्येक भाषणाआधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. मी पंधरा दिवस खाटेवर पडून ती नक्कल वाचली. वाचताना सगळं ओळखीचं वाटे, पुढचं वाक्य डोळ्यांआधी मनात येई. वाटलं, झालं पाठ. पहिल्या तालमीला मास्तरांनी हातातला कागद काढून घेतला आणि म्हणाले, "हां, बोल." तिसऱ्या वाक्याला मी ठप्प! सगळी मंडळी माझ्याकडे बघताहेत आणि मास्तर काही सांगेनात. चांगला घाम फुटू दिला, मग फक्त पहिला शब्द दिला. त्या रात्री घाम गाळून आठवलेली वाक्यं आजही मला येतात. खाटेवर वाचलेली केव्हाच गेली.

पुढे बी.एड. करताना कळलं की मास्तरांच्या या छळाला शास्त्राचाही आधार आहे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने 1885 मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि काही वेळाने त्याच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजायचं. तासाभरातच निम्म्याहून जास्त बचत संपलेली, दिवसाने जेमतेम एक तृतीयांश उरलेली. महिन्यानंतर मात्र पाचवा हिस्सा तरी शिल्लक. म्हणजे विसरण्याची खरी घाई पहिल्या दिवसातच असते. आणि तुम्ही पोरं आज शिकलेलं थेट परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उघडता!

दुसरा प्रयोग अलीकडचा, 2006 सालचा. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काही उतारे दोनदा वाचायचे. काही एकदाच वाचून कागद बाजूला ठेवायचा आणि आठवेल ते लिहून काढायचं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचलेलं पुढे, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने घेतली तर उलटं झालं, वाचलेलं 42 आणि लिहून काढलेलं 56. मला यातले ते 81 जास्त बोलके वाटतात. पुन्हा वाचल्यावर लगेच येतं, म्हणून आपली फसगत होते. तुझी रंगवलेली पानं हेच करतात. पान बघितलं की ओळख पटते, आणि ओळख पटली म्हणजे आठवलं असं आपण धरून चालतो.

तुझ्या आजोबांना हे काही सांगावं लागलं नसतं. पोर्तुगीज अमलात गावच्या मराठी शाळेत शिकले ते. तिन्हीसांजेला दिवा लागला की पडवीत परवचा, आणि त्यात पावकी, निमकी, दिडकी, सगळं. पुस्तक कुठेही नाही. पण पंतोजी नुसते ओळीने म्हणवून थांबत नसत. मध्येच "बारा साती?" आणि मध्येच "सवा नव?" तुझं अडलं ते इथे. बारा नावं तुला ओळीने येतात, मधूनच सातवं विचारलं की पहिल्यापासून गाडी सुरू करावी लागते. मनगटाच्या 8 हाडांचंही तेच होणार. ओळीने मांडून ओळखू नकोस. अभ्यासाच्या हाडांच्या पिशवीत हात घाल, येईल ते काढ आणि सांग.

तर माझं म्हणणं एवढंच, की वाचलंस की पुस्तक मीट आणि कोऱ्या कागदावर उतरव. अडलीस तर लगेच उघडू नकोस, थोडा घाम येऊ दे. मग उघडून चुका मात्र जरूर बघ, नाहीतर चुकीचंच पक्कं व्हायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने.

आणि नक्कल कर. खरोखरच नक्कल. चिठ्ठीच्या एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने 1972 मध्ये याची खोक्यांची युक्ती पुस्तकात मांडली. आलेली चिठ्ठी पुढच्या खोक्यात, ती उशिरा काढायची. न आलेली परत पहिल्या खोक्यात, ती रोज. काजूचे रिकामे डबे पुष्कळ आहेत आपल्याकडे, आई पाठवील.

रात्रभर जागू नकोस, हे आईने लिहायला सांगितलं. पण ती म्हणते म्हणून नव्हे, दिवसा शिकलेलं पक्कं करायचं काम मेंदू झोपेतच बरंचसं उरकतो. तुला हे तुझ्या पुस्तकात सापडेलच.

शनिवारी ये. पडवीत बसू. पुस्तक माझ्या हातात राहील आणि तू बोलायचंस. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे तुला सगळं मराठीत उलगडून सांगावं लागेल आणि कुठे कच्ची आहेस ते तुझं तुलाच कळेल. अडलीस तर मी पहिला शब्द देईन. तोही लगेच नाही.

हाडांची पिशवी जरूर आण. फक्त आईचं म्हणणं आहे की ती देवघराच्या बाजूने आत आणायची नाही, मागच्या दाराने न्हाणीकडून आणायची. मी हो म्हटलं आहे.

तुझा,
बाबा