बोटावरचा आकडा

लालबाग, मुंबई

चि. नितीन यास,
अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबांच्या बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजनचा आकडा 89 दिसला आणि तू ओरडलास, "आई, ऑक्सिजन वाढव!" मी वाढवला नाही म्हणून तू फोन ठेवलास. ते मनाला लागून राहिलंय. फोनवर सविस्तर सांगायचं तर बाबा ऐकतात, म्हणून लिहिते.

मे महिन्यातल्या त्या रात्रीचं मी तुला सगळं सांगितलेलं नाही. आकडा 85 होता, तू म्हणालास वाढव, मी दोन लिटरवरून पाच केला. आकडा 96 झाला आणि माझा जीव भांड्यात पडला. पहाटे हाका मारल्या तर बाबा उठेनात. गदागदा हलवलं तेव्हा अर्धवट डोळे उघडून गिरणीतल्या कुणाशी तरी बोलायला लागले. चाळीतल्या पोरांनी खुर्चीत बसवून जिना उतरवला आणि तसंच केईएमला नेलं. मनगटातून रक्त काढलं. कार्बन डायऑक्साइड 45 च्या आत हवा, तो 82 निघाला.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला बाकावर बसवून समजावलं. बाबांच्या श्वासाचे स्नायू थकलेत, आतली हवा पुरती बाहेर पडत नाही. अशा पेशंटला ऑक्सिजन जास्त दिला की बोटावरचा आकडा सुधारतो, पण आत कार्बन साचतो आणि माणूस गुंगीत जातो. ते यंत्र कार्बन दाखवतच नाही. बाबांना 88 ते 92 च्या मध्येच ठेवायचं. तुझी चूक नव्हती रे राजा, माझीही नव्हती. आपल्याला ठाऊकच नव्हतं. सकाळचं डोकं दुखणं, जेवता जेवता डोळा लागणं, हे आपण वयावर ढकलत होतो ना, तेही त्या कार्बनमुळेच होतं.

घरी आल्यावर तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं, तरी कार्बन 58. म्हणून हे बायपॅप, श्वासाला मदत करणारं मशीन, आलं. तुझ्या मावशीने विचारलं, "व्हेंटिलेटर लावला म्हणजे आता...?" तसं काही नाही. घशात नळी नाही, काही नाही. नाकातोंडावर मास्क लावायचा. श्वास घेताना मशीन जोराने हवा देतं, सोडताना जोर कमी करतं. रात्रभर छातीला विसावा मिळतो. ऑक्सिजनची नळी त्यालाच जोडलेली असते, दीड लिटर, डॉक्टरांनी ठरवून दिलाय तेवढाच.

पहिल्या रात्री त्यांनी दहा मिनिटांत मास्क ओढून काढला. "जीव घुसमटतो गं." दुसऱ्या दिवसापासून दुपारी टीव्हीसमोर बसवून, पट्टे न लावता, मी नुसता मास्क हाताने धरून बसायचे. पाच मिनिटं, मग पंधरा. माझा हात अवघडला की तेच आपल्या हाताने धरायचे. आठव्या रात्री पट्टे लावून चार तास झोपले. नाकाच्या हाडावर लाल वळ उठला होता. पट्टे फार आवळले होते, ते सैल केले आणि तिथे मऊ पट्टी लावली. मागच्या आठवड्यात सकाळी उठून स्वतः चहा मागितला. डोकं दुखत नव्हतं. रक्तात आता 50.

ऑक्सिजनजवळ ज्योत नको, म्हणून देवातला दिवा आता गॅलरीत लावते. मशीनच्या पाण्याच्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटरच घालते. 12 ऑक्टोबर 2020 ला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, आठवतं ना? तुला पैसे पाठवायचेच असतील तर इन्व्हर्टरसाठी पाठव. ऑक्सिजन तयार करणारं दुसरं मशीन, कॉन्सन्ट्रेटर, नको.

कधी कधी त्यांचं झोपलेलं तोंड बघत बसते. गिरणीत कार्डिंग खात्यात, कापूस पिंजतात तिथे, धुरळ्यात उभे असायचे. सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की छाती आवळायची, तेव्हा म्हणायचे, सगळ्यांनाच होतं. 1982 च्या संपानंतर गिरणी सुटली. छाती तशीच राहिली, त्यात बिडी.

तू रागावू नकोस. आणि फोन नऊच्या आधी करत जा. मास्क लागल्यावर त्यांना बोलता येत नाही, आणि तुझा आवाज कानावर पडला की ते मास्क काढायला जातात.

तुझी,
आई