नुसता ‘जोराचा वारा’ म्हणून भागत नाही

महोदय,

छोटे विमान उतरताना धावपट्टीबाहेर गेले की बातमीत एक वाक्य ठरलेले असते: ‘जोराच्या वाऱ्यामुळे वैमानिकाचा ताबा सुटला.’ वाचणाऱ्याला वाटते, वादळच सुटले असणार. पण असले अपघात साध्या, रोजच्या वाऱ्यातही होतात.

वारा किती, याइतकाच तो कुठून, हा प्रश्न महत्त्वाचा. २० नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वारा धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करत असेल तर त्याचा आडवा जोर १० नॉट. तोच ६० अंशांवरून आला तर १७ च्या पुढे. सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्यासाठी १५ नॉटचा आकडा दिलेला असतो. ती मर्यादा नव्हे. चाचणीत तेवढ्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवले, एवढाच त्याचा अर्थ. दाखवणारा मुरलेला वैमानिक होता, हे नवशिके विसरतात.

मी याच विमानावर शिकलो. वाऱ्याकडे नाक ठेवून खेकड्यासारखे तिरके यायचे, टेकण्याआधी रडरने, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूने, नाक सरळ करायचे, वाऱ्याकडचा पंख जरा खाली आणि त्याच बाजूचे चाक आधी टेकवायचे. हे सरावाने जमते. घोळ होतो तो नंतर. चाके टेकली की माणूस हुश्श करतो आणि हात सैल पडतात. माझेही पडले. वेग उतरतो तसा एलेरॉनचा, म्हणजे पंख वर-खाली करणाऱ्या पट्ट्यांचा, जोर ओसरतो, म्हणून योक (विमानाचे हाताचे चाक) वाऱ्याच्या बाजूला वाढवत न्यायचा असतो. मी तो चक्क मध्यावर आणला. पंख उचलला गेला आणि नाक वातकुक्कुटासारखे वाऱ्याकडे वळले. प्रशिक्षकांनी माझ्या हातांसकट योक फिरवला आणि म्हणाले, “अजून उतरला नाहीस तू.” शेपटीखाली चाक असलेल्या विमानांचा भार मुख्य चाकांच्या मागे असतो, अशा वेळी ती गर्रकन फिरतात. त्यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

आणखी एक. वैमानिकाने न उतरता विमान पुन्हा वर घेतले, तर ‘उतरण्याचा प्रयत्न फसला’ असे कृपया छापू नका. तो फसलेला नसतो, शहाणपणाने सोडलेला असतो. मागे बसलेल्या मित्रांपुढे फजिती नको म्हणून हट्टाने उतरणारे कमी नाहीत.

पुढच्या बातमीत वाऱ्याच्या वेगासोबत दिशा आणि धावपट्टीचा क्रमांकही द्यावा. धावपट्टी २७ म्हणजे तिची दिशा साधारण २७० अंश. वाऱ्याच्या दिशेशी तिची वजाबाकी वाचक करतील.

आपला,
एक हौशी वैमानिक