पुस्तकांचं कपाट उघडा

महोदय,

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय आणि त्यात गोष्टींची पुस्तकं हवीत, असं स्पष्ट लिहिलं आहे. कला व शारीरिक शिक्षणाचे अंशकालीन निदेशक (अर्धवेळ शिकवणारे) मात्र सहावी ते आठवीलाच, तेही पट 100 च्या वर गेला तर. त्यामुळे पहिली ते पाचवीत चित्र, गाणं, खेळ सारं वर्गशिक्षकाच्या गळ्यात.

पुस्तकं असतात, पण कपाटात. पुस्तक हरवलं तर भरपाई कोणाकडून, ही धास्ती कुलूप लावते. त्यापेक्षा वर्गात मुलांच्या खांद्याच्या उंचीवर सुतळी बांधून 30-40 पातळ पुस्तकं मधोमध उघडून टांगावीत. पानं चिमट्यांत धरू नयेत, फाटतात. नोंदवही चौथीच्या मुलांनीच ठेवावी: नाव, पुस्तक, नेल्याची आणि आणल्याची तारीख, बस्स. पाठ सुटलेल्या पुस्तकाला खळीने सुती कापडाची पट्टी लावावी. सेलोटेप काही काळाने पिवळी पडून सुटते. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं दूर हवं, नाहीतर ओल थेट पानांत उतरते.

खेळाच्या तासाचंही तसंच. खो-खोत एका वेळी 9 आणि 3 मुलं खेळतात. 40 च्या वर्गात उरलेली 28 नुसती बघतात. लहानांना चार गटांत लंगडी द्यावी. त्याला फक्त फक्की लागते.

आणि हो, गणित मागे पडलं की पहिला बळी चित्रकलेच्या तासाचा जातो. वेळापत्रक तपासणाऱ्यांनी कधीतरी हेही विचारावं.

– काही प्राथमिक शिक्षक